रिकाम्या रकान्याचे राखणदार

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांचा मी जितका हेवा केला, तितका आयुष्यात दुसऱ्या कुणाचाही केला नाही. आणि गंमत म्हणजे हेवा करावा असं त्यांच्याजवळ काहीही नव्हतं. पद माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खालचं. अक्षर असं की शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून चालत गेली असावी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, लग्न केलेलं नाही, सायकलला घंटी नाही आणि टेबलाच्या खणात कायम भिजलेल्या हरभऱ्यांचा वास. याउलट मी कचेरीची मुख्य लिपिक. माझ्याकडे रोजच्या कामांची यादी असे, आठवड्याची असे, आणि कुठली कामं कुठल्या यादीत घ्यायची याचीही एक असे. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण केल्याशिवाय मी पनवेलच्या एसटी स्टँडकडे पाऊल टाकत नसे. तरीही खिडकीशी आलेला माणूस माझ्याकडे एकदा बघायचा आणि मान वाकडी करून विचारायचा, “काका नाय आले आज?”

कचेरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे जी चूक येणार आहे ती कचेरीची नव्हे, माझी आहे. आम्ही दोघं जन्माच्या नोंदीचं काम बघायचो. गव्हाण, कोन, अगदी उरणच्या बाजूच्या बायका बाळंतपणाला शहरातल्या दवाखान्यात येत, आणि मूल जिथे जन्मलं तिथे त्याची नोंद, या नियमाने त्यांची मुलं आमच्या रजिस्टरात. नोंद होई पहिल्या काही दिवसांत आणि बारसं होई नंतर, त्यामुळे नोंद करताना नावाचा रकाना बहुधा रिकामाच. कायद्याला ते मान्य आहे. नाव नसताना नोंद करा, आई-बाप पुढे सवडीने येतील, लिहून देतील, मग नाव भरा. मला ही सवड मान्य नव्हती. रिकामा रकाना दिसला की माझ्या बोटांना मुंग्या येत. काकांना मात्र तो रकाना पूज्य होता. मी म्हणायची, “किती दिवस रिकामं ठेवायचं हो हे?” ते म्हणायचे, “बाई, घाई पोराला नाही. घाई रजिस्टरला आहे.”

आणि म्हणून हे गृहस्थ बारशांना जायचे. एखाद-दुसऱ्या नाही, बोलावतील त्या प्रत्येक. बारसं म्हणजे बायकांचा मामला. त्यात हा पन्नाशीचा ब्रह्मचारी ओटीवर मांडी घालून बसे, कानावर पेन्सिल, मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही. आत पाळण्याशी आत्या वाकली, बाळाच्या कानात ‘कुर्र’ झालं, आत्याच्या पाठीत धपाटे पडले, की ओटीवरून यांचा आवाज, “आत्याबाई, जरा मोठ्याने! आणि जोडाक्षर असेल तर फोडून सांगा.” मग नाव पेन्सिलीने वहीत. पेन्सिलच का, हे मी एकदा विचारलं होतं. “शाईचं नाव आई-बापाच्या सहीनंतर. पेन्सिलीचं माझ्या समाधानासाठी.” दुसऱ्या दिवशी खणात घुगऱ्यांचा पुडा, टेबलावर नारळ. घुगऱ्या ते सगळ्या कचेरीला वाटत. मीही खात असे, आणि चावताना दर घासाला मनात म्हणत असे की अठरा वर्षांच्या नोकरीत मला एकाही बारशाचं बोलावणं आलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, एक आलं होतं. कोनचा एक शेतकरी काकांच्या टेबलाशी येऊन म्हणाला, “काका, बुधवारी पोराचं बारसं हाय. तुमी यवाच लागल. तुमी आले नाय तं नाव कोन लिवल?” मी तेव्हा समोरच बसून डायरीत बुधवारचं पान उघडलं होतं. ते त्याला दिसलं असावं. जाता जाता तो म्हणाला, “बाई, तुमीपन या. जमला तं.” ते ‘जमला तं’ मला इतकं लागलं की मी जमवलं नाही. काका गेले. मुलाचं नाव साईनाथ ठेवलं, हे मला गुरुवारी घुगऱ्यांबरोबर कळलं. “सही करायला ये रे,” म्हणून काका त्याला बजावून आले होते. “येतो काका,” म्हणाला होता. सहा वर्षं तो आला नाही. लोक असेच करतात. शाळेत घालायची वेळ येईपर्यंत कागदाची आठवण कुणाला होते?

काकांना दुसरा नाद होता राजपत्राचा. सरकार एखादा नियम करण्याआधी त्याचा मसुदा राजपत्रात छापतं आणि लोकांकडून हरकती व सूचना मागवतं. आपल्याला वाटतं, कोण पाठवत असेल? हे पाठवायचे. नियम होडीवरच्या दिव्यांचा असो, वजनमापांचा असो की व्हिडिओ पार्लरच्या परवान्याचा, डबा खाताना डाव्या हाताशी राजपत्र, उजव्या हाताने भाकरी, आणि तीन वाजेपर्यंत हरकत तयार. एकदा त्यांना मंत्रालयातून छापील पोस्टकार्ड आलं, ‘आपली सूचना मिळाली’, एवढंच. ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली सरकवलं. मी पुढच्याच महिन्यात एका मसुद्यावर सतरा सूचना पाठवल्या. क्रमांक घालून, समास सोडून, तीन प्रतींत. मला पोस्टकार्ड आलं नाही. अजून आलेलं नाही.

एक जूनला हे गृहस्थ पेढे आणत. आपल्या पिढीतल्या ज्यांच्या जन्माची नोंदच नव्हती, त्यांना शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट एक जून ही तारीख देऊन टाकलेली. आमच्या कचेरीत असे सात जण होते आणि काका त्यातले थोरले. “गुरुजींनी आम्हाला एकाच दिवशी जन्माला घातलं,” असं म्हणत ते पेढा पुढे करत. माझी जन्मतारीख खरी आहे, नोंदलेली, दाखल्यासहित. त्यामुळे मला त्या दिवशी पेढा मिळे, पण त्या सातांच्या घोळक्यात उभं राहता येत नसे. आता सांगा, खरी तारीख असल्याचं दुःख मी कुठल्या यादीत लिहायचं?

अशात कचेरीत संगणक आला. काकांनी त्याच्याकडे लांबून पाहिलं आणि चष्मा पुसला. माझा मात्र दिवस उगवला होता. अलिबागला आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला कचेरीतून मी गेले. काचेच्या खोलीबाहेर चपला काढून आत जायचं, गार हवेत बसायचं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटवायची. मला वाटलं, ही तर माझीच यादी, फक्त विजेवर चालणारी. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, “बाई, मागच्या सात वर्षांच्या जन्मनोंदी संगणकावर चढवायच्यात. जो तालुका एकही रकाना रिकामा न ठेवता आधी पूर्ण करील, त्याच्या माणसाला अलिबागच्या संगणक कक्षाचं प्रमुखपद मिळण्याचा संभव आहे. मी तुमचं नाव पाठवतोय.” त्या दिवशी मी यादीत पहिल्या क्रमांकावर ‘अलिबाग’ लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. ती जागा मला हवी होती. तिथे खिडकीच नव्हती, म्हणजे खिडकीतून मान घालून काका कुठे आहेत असं विचारणारंही कुणी नसणार होतं.

काम धडाक्यात सुरू झालं आणि तिसऱ्याच नोंदीला अडलं. नावाचा रकाना रिकामा असला की प्रोग्रॅम नोंद घेईना. पुढे जायला गेलं की टुंग वाजायचं. कायदा म्हणतो रिकामा चालेल, मशीन म्हणतं चालणार नाही. मी अलिबागला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, “प्रोग्रॅम वरून आलाय, बाई. काहीतरी भरा आणि पुढे चला.” काहीतरी म्हणजे काय, हा प्रश्न मला पडलाच नाही. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून आम्हाला एकच शिकवलेलं, कागदावर जागा मोकळी सोडायची नाही, सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं. गैरहजर कर्मचारी : निरंक. प्रलंबित तक्रारी : निरंक. मी बाळाच्या नावापुढे ‘निरंक’ टंकलं. टुंग वाजलं नाही. मग पुढच्याला. मग त्याच्या पुढच्याला.

काका संगणकाच्या खोलीच्या दारात चपला हातात धरून उभे होते. पडद्याकडे बघत म्हणाले, “बाई, हे काय?”

“निरंक.”

“पोराला?”

“पोराला नाही हो, रकान्याला.”

“रकाना रडत नाही, बाई,” एवढं बोलून ते टेबलाकडे गेले.

मला राग आला. रागाच्या भरात मी साहेबांच्या सहीने एक आदेश काढला. जुन्या रजिस्टरांतले नावाचे रिकामे रकाने तांबड्या शाईच्या आडव्या रेघेने बंद करावेत, म्हणजे कागद आणि संगणक यांत मेळ राहील, आणि मग रजिस्टरं फडक्यात बांधून वर टाकावीत. काम अर्थातच काकांना. दर सोमवारी मी विचारायची, “रेघांचं काय?” ते म्हणायचे, “चालू आहे.” मी यादीत खूण करायची. अकरा सोमवार, अकरा खुणा. बाराव्या सोमवारी मी ‘पूर्ण’ लिहिलं आणि साहेबांनी अलिबागला तसं कळवलं. आमचा तालुका पहिला आला.

मग शाळा सुरू होताना दाखल्यांची गर्दी उसळली. संगणकावरचा छापील, सुबक दाखला हातात घेऊन लोक खुशीत जात, आणि आठवड्याभरात तोच दाखला घेऊन परत येत. सगळ्यांत आधी आला तो कोनचा शेतकरी. या वेळी काकांकडे बघितलंसुद्धा नाही, थेट माझ्यापुढे कागद आपटला.

“बाई, माझ्या पोराचं नाव साईनाथ. हा निरंक कोन?”

“म्हणजे नाव भरलेलं नाही असं...”

“भरलाय ना! ह्यो काय, छापलाय! मास्तरीन वर्गान हाक मारते, निरंक, उभा राव. वर्गान तीन पोरां उभी राहतात! तीन निरंक! सगली हसतात आनि माझा पोरगा घरी येऊन रडतो.”

काका मागून हळूच म्हणाले, “सही करायला ये म्हटलं होतं ना रे तुला?”

“काका, माझी चूक झाली. पन मी पोराचा नाव शून्य ठेवला नव्हता!”

मी म्हटलं, घाबरायचं कारण नाही, दुरुस्ती करू. अलिबागला लिहिलं. उत्तर चार दिवसांत आलं, म्हणजे विमानासारखं. रिकाम्या रकान्यात नाव भरता येतं; एकदा नोंदलेलं नाव बदलण्याची तरतूद नियमांत नाही, आणि प्रोग्रॅममध्येही तशी सोय नाही. कायदा आणि मशीन यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. सात वर्षांतली जितकी मुलं नावावाचून नोंदली होती, ती सगळी सरकारदरबारी जन्मभर निरंक राहणार होती, आणि त्यांचं बारसं मी केलं होतं. अठरा वर्षं ज्या बोलावण्यासाठी झुरले, ते असं आलं. त्या दुपारी माझा डबा उघडलाच गेला नाही.

काकांनी भाकरी बाजूला ठेवून कायद्याचं पुस्तक काढलं. पानं उलटत होते, चष्म्याची दोऱ्याने बांधलेली काडी कानामागे खोचत होते. अर्ध्या तासाने म्हणाले, “बाई, तुमचं मशीन कायद्यात कुठे आहे हो?”

“चेष्टा नका करू आत्ता.”

“चेष्टा नाही. कायदा म्हणतो रजिस्टर. शिवलेलं, पानांना आकडे घातलेलं, शाईने भरलेलं, सही केलेलं. मशीन अजून कायद्यात आलेलंच नाही. येईल, मसुदा निघेल, मी सूचना पाठवीन. पण आज नाही. म्हणजे मशीनमध्ये जे लिहिलंय ते आजच्या तारखेला कुणी लिहिलेलंच नाही. खरी नोंद कागदावरची.”

“कागदावर मी रेघा मारायला लावल्यात ना! तांबड्या! बंद झाले सगळे रकाने!”

काका उठले. वरचं गाठोडं खाली काढलं, धूळ झटकली, रजिस्टर माझ्यापुढे उघडलं. एकही रेघ नव्हती. पान पान उलटत गेले. रकाने जसेच्या तसे, पांढरे, स्वच्छ.

“अकरा आठवडे तुम्ही मला ‘चालू आहे’ सांगत होतात,” मी म्हटलं.

“विचार चालू होता, बाई,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच जरा ओशाळले. “पेन उचललं की त्या पोराचं बारसं आठवायचं. हात पुढे जायचा नाही.”

माझ्या आयुष्यातल्या एकमेव खोट्या खुणा, ओळीने अकरा, आणि त्यांच्यामुळेच मुलं वाचणार होती. माझ्या खऱ्या खुणांनी आजवर कुणाला वाचवल्याचं मला आठवेना. असं वाटलं की डायरी खिडकीतून बाहेर फेकावी.

मात्र हे सोपं नव्हतं. कागद खरा धरायचा तर दोन गोष्टी लेखी द्याव्या लागणार होत्या. काकांनी लिहायचं की आदेश असून मी तो पाळला नाही. आणि मी लिहायचं की संगणकात केलेली नोंद ही कायद्याने नोंद नव्हे. म्हणजे जे काम पहिलं आलं ते झालेलंच नाही. साहेब म्हणाले, “बाई, विचार करा. हे पत्र वर गेलं की अलिबाग विसरा. आणि काका, तुमच्या सेवापुस्तकात ताकीद लागेल, निवृत्तीला वर्ष राहिलंय.” काकांनी त्यांच्या त्या कोंबडीच्या अक्षरात तिथल्या तिथे लिहून दिलं. त्यांना काय, अलिबागला जायचं नव्हतं! मी घरी गेले, सकाळी परत आले, वाटेत सोळा कारणं काढली सही न करण्याची. खिडकीशी कोनचा शेतकरी उभा होता, शेजारी एक मुलगा, दप्तर पाठीला. त्या मुलाने मला ओळखलं. बापाचा सदरा ओढून विचारलं, “हीच का ती?” मी आत गेले आणि सही केली.

मग मुलांची नावं गोळा करायचं काम निघालं, आणि लाल वही बाहेर आली. प्रत्येक नाव त्यात पेन्सिलीने, बारशाच्या दिवसासकट. वहीला कायद्यात किंमत नाही, आई-बापाची सही लागणारच. पण कुणाला कुठे गाठायचं ते वहीत होतं. काका सायकलवर फॉर्म घेऊन फिरत, लोक त्यांना बघून सही देत, वर चहा देत. मी बरोबर गेले फक्त एकदा, कारण वहीतही एक रकाना रिकामा होता. कर्नाळ्याच्या बाजूच्या कातकरीवाडीतली एक मुलगी. जन्मल्यावर महिन्याभरात आई-बाप वीटभट्टीवर निघून गेले, मग दर वर्षी दिवाळीनंतर जायचे, पावसाच्या तोंडावर परतायचे. बारशाला बोलवायचं राहून गेलं होतं. त्यांना गाठायचे हेच दिवस.

एसटीतून उतरून तासभर चढ. वाडीतल्या कुत्र्यांनीसुद्धा काकांना ओळख दिली आणि माझ्यावर भुंकली. मुलीची आई झोपडीपुढे कुडाला शेण लिंपत होती.

“नाव?” ती हसली. “बारकी म्हनतो तिला. साळंला चांगला नाव लागल नाय? काका, तुमीच ठेवा.”

“मी नाव ठेवत नाही गं. मी लिहितो फक्त,” काका म्हणाले.

माझ्या पर्समध्ये मुलींच्या नावांची यादी होती, तीस नावं, अकारविल्हे. मी ती काढणार तोच काकांनी त्या मुलीपुढे उकिडवं बसून विचारलं, “शाळेत तुला कुणी हाक मारली तर काय म्हणून मारायची?”

मुलीने जराही विचार केला नाही. तिचं ठरलेलंच होतं. “रेश्मा.”

“का गं?”

“भट्टीवर एक रेश्मा हाय. तिला लाल सायकल हाय.”

आई खो खो हसली. “सायकल नाय भेटायची तुला! नाव घे नुसता. लिवा काका, रेश्मा.”

काकांनी फॉर्म माझ्याकडे दिला. “बाई, तुम्ही लिहा. माझं अक्षर वाईट. तिला आयुष्यभर पुरायचंय.” मी गुडघ्यावर डायरी ठेवून, डायरीवर फॉर्म ठेवून, शाईने लिहिलं. आईने अंगठा उठवला. मुलगी माझ्या खांद्यावरून डोकावत होती, तिचा श्वास मानेला लागत होता. अक्षरांवरून हवेतच बोट फिरवत म्हणाली, “ही मी?”

“हो,” मी म्हटलं.

एवढं झाल्यावर ती माझ्याजवळ बसेल असं मला वाटलं होतं. ती काकांजवळ जाऊन बसली.

अलिबागला दुसऱ्या तालुक्यातले एक जण गेले. काकांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी काचेखाली त्या पोस्टकार्डाशेजारी ठेवली आणि विचारणाऱ्याला सांगितलं, “सरकारने मला दोनदा लिहिलंय.” पुढल्या वर्षी, गुरुजींनी दिलेल्या त्या तारखेच्या हिशेबाने, मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते निवृत्त झाले आणि करंजाला भाच्याकडे राहायला गेले. प्रोग्रॅमही सुधारून आला. आता त्यात नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो; मी त्यासाठी वर पाच पत्रं धाडली होती, पाचव्याला उत्तर आलं. पोस्टकार्ड नव्हे, नुसता सुधारलेला प्रोग्रॅम.

बोलावणी अजून येतात, पण त्यांच्याच नावाने. मीच जाते. ओटीवर बसते, पाळण्याकडे कान लावते, लाल वहीत पेन्सिलीने लिहिते. वही जाताना ते माझ्या खणात ठेवून गेले, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. बायका मला घुगऱ्या देतात, नारळ देतात, आणि हटकून विचारतात, “काका कसे हायत?” मी सांगते, बरे आहेत, एक दिवस येणार म्हणालेत. कधी ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्यांना विचारून तारीख पक्की करावी असं दर आठवड्याला मनात येतं.

हल्ली सोमवारची यादी करताना मी तळाशी एक ओळ मोकळी सोडते. तिथे निरंक लिहायला हात शिवशिवतो. लिहीत नाही.